गोधडीचे थर सरकू नयेत म्हणून : शिवणाऱ्या हातांकडून शिकलेल्या युक्त्या

सुईदोरा

गोधडी शिवायला घेणाऱ्या बहुतेकींना सगळ्यांत आधी एकच अडचण भेटते, आणि ती म्हणजे थर सरकण्याची. अंथरताना सपाट दिसणाऱ्या तीन-चार साड्या अर्ध्या शिवून झाल्या की एकीकडे ताणलेल्या आणि दुसरीकडे फुगलेल्या दिसू लागतात, खालच्या बाजूला चुण्या पडतात आणि कोपरे काटकोनात राहत नाहीत. बाजारातल्या रजईत दोन कापडांच्या मध्ये कापसाचा किंवा पॉलिस्टरचा एकसंध थर असतो. आपल्या गोधडीत, वाकळेत तो नसतो. जुनी लुगडी, धोतरे आणि चादरी एकावर एक रचूनच ती तयार होते. म्हणून तिची ऊब आणि तिचे आयुष्य या दोन्ही गोष्टी थरांनी एकमेकांना किती नीट धरले आहे यावर ठरतात. दुसऱ्या शिवणाऱ्या व्यक्तीकडून आपण शिकलेली आणि करून पाहिलेली युक्ती प्रत्येकाने येथे लिहावी, आणि शक्य असेल तेथे तिचे कारणही लिहावे, अशी माझी विनंती आहे.

मी कापडाच्या निवडीपासून सुरुवात करते. साताऱ्याकडच्या एका वयस्कर बाईंनी मला जुनी साडी उजेडासमोर धरून पाहायला शिकवले. नेसून नेसून साडी बसण्याच्या भागात आधी विरते, आणि पदराचा व आतल्या बाजूला खोचला जाणारा भाग पुष्कळदा शाबूत असतो. उजेडात विरळ दिसणारी जागा दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणावी. धागे बाजूला सरकले तर ते कापड टाकून न देता मधल्या थरात घ्यावे आणि वर व खाली मजबूत कापड घ्यावे. सगळ्या थरांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवावेत, कारण कापड उभ्या धाग्यावर कमी आणि आडव्यावर जास्त ताणले जाते. एक थर उभा आणि दुसरा आडवा पडला, तर पहिल्या धुण्यानंतर दोघांची ओढ वेगवेगळी होते.

जुने कापड पुष्कळ वेळा धुतलेले असल्यामुळे आटायचे तेवढे आटलेले असते. नवे सुती कापड मात्र साधारण ३ ते ५ टक्के आटू शकते, म्हणजे ९० इंच लांबीत तीन-चार इंचांचा फरक पडतो. नवे आणि जुने एकत्र वापरायचे असेल, तर नवे कापड गरम पाण्यात धुऊन, वाळवून आणि इस्त्री करून मगच कापावे. इरकलसारख्या साडीत अंग सुती आणि काठ रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असू शकतो. दोन्ही सारखे आटत नाहीत, म्हणून काठ आधीच उसवून वेगळा ठेवावा. तो पुढे कडेला लावण्यासाठी उत्तम उपयोगी पडतो.

काठपदर

विषय फार गरजेचा आहे. माझ्या दोन शंका आहेत. जुनी सोलापुरी चादर मधल्या थरात घालावी का? आणि लाल किंवा गडद निळ्या साडीचा रंग पांढऱ्या धोतरावर उतरू नये म्हणून मीठ-तुरटीच्या पाण्यात भिजवण्याचा सल्ला मिळतो, तो कितपत खरा आहे?

अंगुस्ताना

काठपदर, सोलापुरी चादर उबेसाठी चांगली असते. पण ती मुळातच जाड विणीची असल्याने हाताने शिवताना सुई ओढावी लागते आणि बोटे दुखून येतात. ती घालायचीच असेल, तर तिच्या वर एक आणि खाली एक असे दोनच मऊ थर घ्यावेत. घोंगडी किंवा कोणतेही लोकरी कापड मात्र आत घालू नये. लोकर गरम पाण्यात आणि चोळण्याने आक्रसून घट्ट होते, बाहेरची सुती कापडे तेवढी आक्रसत नाहीत, आणि सगळी गोधडी गोळा होते.

रंगाबद्दल सांगायचे, तर कापड रंगवताना रंगाच्या द्रावणात मीठ घालतात हे खरे आहे. पण एकदा तयार झालेल्या कापडातला सुटा रंग घरच्या मिठाने पक्का होत नाही. तो रंग धुऊन काढणे हाच उपाय आहे. गडद कापड साबणाच्या गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावे, आणि शेवटी ओल्या कापडावर पांढरा सुती तुकडा दाबून पाहावा. तुकड्यावर डाग आला तर ते कापड अजून तयार नाही असे समजावे. एवढे करूनही रंग सुटत राहिला, तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी वापरू नये.

दूरदेशी

मी अमेरिकेत राहते. येथे रजई शिवणाऱ्या बायकांचे गट दर महिन्याला भेटतात. त्यांच्याकडून मला सर्वांत उपयोगी वाटलेला धडा थर जोडण्याचाच आहे. त्या खालचे कापड उलटी बाजू वर करून जमिनीवर पसरतात आणि त्याच्या कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवतात. कापड ताणून फाटेल इतके ओढायचे नाही, फक्त सुरकुती राहू द्यायची नाही. त्यावर बाकीचे थर एकेक करून मधून कडेकडे तळहाताने सपाट करत घालायचे. मग मध्यातून एक उभी आणि एक आडवी ओळ कच्च्या टाक्याने, म्हणजे नंतर उसवायच्या लांब टाक्याने, घालायची, आणि तेथून बाहेरच्या दिशेने दर चार बोटांवर पुढच्या ओळी घ्यायच्या. पक्की शिवणसुद्धा मध्यातूनच बाहेर न्यायची, म्हणजे उरलेली ढील कडेला जाते आणि तेथे ती कापून टाकता येते.

दुसरा धडा मापाचा आहे. ठिगळांची वरची बाजू आधी जोडून घेणार असाल, तर प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच जातो. चार इंचांचा चौकोन शिवून झाल्यावर साडेतीन इंचांचा उरतो. बारा चौकोनांची ओळ ४८ इंचांची होईल असे धरून बसलो, तर दोन्ही टोकांच्या कडाही शिवून झाल्यावर हातात ४२ इंच येतात. पाव इंच सर्वत्र सारखा राहावा म्हणून येथल्या बायका मशीनच्या पाट्यावर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टीचे तीन-चार थर एकावर एक लावतात. कापडाची कड त्या उंचवट्याला टेकवून शिवले की शिवण सरळ जाते.

सह्याद्रीपार

दूरदेशी, मध्यातून बाहेर हा नियम सर्वत्र लागू होत नाही, एवढे मी नम्रपणे सांगू इच्छितो. मी उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळजवळ काही काळ नोकरीला होतो. हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांच्यातील पुष्कळांचे पूर्वज आफ्रिकेतून पोर्तुगिजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तेथून घाटावरच्या जंगलांत आले. आजही त्यांच्यातले अनेक जण कोकणी बोलतात. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंडी म्हणतात, आणि ती कडेपासून आत शिवली जाते.

पद्धत अशी आहे. खाली एक जुनी साडी अंथरायची. एका कोपऱ्यापासून कडेने एकेक ठिगळ ठेवायचे, त्याची कड बोटाने आत दुमडायची आणि धावदोऱ्याने शिवत पुढे जायचे. चारही कडा फिरून झाल्या की आतली फेरी सुरू होते, आणि असे करत करत शिवण मध्यभागी येऊन संपते. ठिगळे आधी मापून कापलेली नसतात. हातात येईल तो तुकडा जागेप्रमाणे दुमडला जातो. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुले म्हणतात, आणि त्यांच्याशिवाय कवंडी पूर्ण झाली असे त्या मानत नाहीत. मी पाहिलेल्या कवंड्या कडेपासून शिवूनही मध्ये फुगलेल्या नव्हत्या.

सुईदोरा

सह्याद्रीपार आणि दूरदेशी, आपण दोघांनी लिहिलेले मी शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचले, आणि मला वाटते की दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. कारण वरचे कापड कधी तयार होते हाच दोहोंतला खरा फरक आहे. दूरदेशींच्या पद्धतीत वरची बाजू आधीच शिवून पूर्ण झालेली असते आणि तिचे माप ठरलेले असते. ती खालच्या थरावर ठेवून कडेपासून शिवली, तर आतली ढील कोठेच जाऊ शकत नाही. ती मध्यभागी साठते आणि शेवटी तिची घडी शिवावी लागते. कवंडीत मात्र वरचे कापड शिवता शिवताच बनत जाते. प्रत्येक नवे ठिगळ ठेवताना खालची साडी हाताने सपाट केली जाते, आणि जेथे कमी-जास्त असेल तेथे ठिगळाची दुमड कमी-जास्त करून ते भागवले जाते. शेवटचे मधले ठिगळ उरलेल्या जागेच्या मापाचे घेता येते.

आपल्याकडच्या वाकळेत या दोहोंच्या मधला प्रकार दिसतो. तिच्यात अखंड साड्यांचे थर असतात आणि तरीही पुष्कळ बायका चौकोनात चौकोन अशा फेऱ्या घेत कडेकडून आत जातात. ते जमते, कारण त्याआधी त्यांनी कच्चा टाका घातलेला असतो. कच्चा टाका न घालता कडेपासून अखंड साड्या शिवायला बसणे हेच चुण्या पडण्याचे मूळ कारण आहे, असे माझे ठाम मत आहे. नव्याने शिकणाऱ्यांनी या कामात घाई करू नये. एक दुपार पूर्णपणे थर अंथरणे आणि कच्चा टाका घालणे यालाच द्यावी. जमीन सपाट असावी, चिकटपट्टी नसेल तर कडांवर पाट किंवा भरलेले तांबे ठेवावेत, आणि कच्च्या टाक्याचा दोरा पक्क्या दोऱ्याहून वेगळ्या रंगाचा घ्यावा, म्हणजे नंतर तो उसवताना चुकीचा दोरा कापला जात नाही. कच्च्या टाक्याऐवजी सेफ्टी पिना लावणाऱ्यांनी त्या पावसाळ्यात कापडात अडकवून ठेवू नयेत. कोकणच्या हवेत त्यांना लवकर गंज चढतो आणि गंजाचा डाग सहजासहजी निघत नाही.

पायमशीन

मी अनेक वर्षे शिंपीकाम केले आहे, म्हणून मशीनवर शिवणाऱ्यांसाठी लिहितो. मशीनचे दाते फक्त खालच्या थराला पुढे ढकलतात, वरच्या थरावर मशीनच्या पायाचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा, दाब असतो आणि तो थर मागे रेंगाळतो. थर सरकण्याचे मशीनवरचे कारण हेच आहे. वरचा थरही बरोबरीने सरकवणारा वॉकिंग फूट मिळतो, तो जाड गोधडीसाठी जरूर घ्यावा. तो नसेल, तर जुन्या काळ्या मशीनवर पायाच्या दांड्याच्या वर जो स्क्रू असतो तो थोडा सैल करून दाब कमी करावा, टाका ३ ते साडेतीन मिलिमीटरपर्यंत लांब ठेवावा आणि कापड मागून न ओढता दोन्ही हातांनी नुसते सांभाळावे. शेजारशेजारच्या दोन ओळी उलटसुलट दिशांनी मारू नयेत. एक ओळ कापड एका बाजूला ओढते, पुढची ओळ दुसऱ्या बाजूला ओढते आणि मध्ये तिरक्या सुरकुत्या पडतात. सगळ्या ओळी एकाच बाजूने सुरू कराव्यात.

चार थरांसाठी १६ नंबरची सुई लावावी, फार जाड असेल तर १८ नंबरची. सुमारे आठ तास शिवल्यावर सुई बदलणे चांगले, कारण बोथट सुई जुन्या कापडाचे धागे तोडते आणि टाके सोडते. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होऊ लागला की बरेच जण बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. पाय वर उचललेला असतानाच दोरा ओवावा, कारण तेव्हाच टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चकत्या उघड्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो. सुरुवातीला दोन्ही दोरे बोटाने धरून ठेवावेत, किंवा आधी एका चिंधीवर चार टाके मारून तसेच पुढे गोधडीवर जावे.

काठपदर

आपले दोघांचेही आभार. पाय वर असताना दोरा ओवायचा हे मला आजवर कोणीच सांगितले नव्हते. हाताने शिवण्याविषयीही कोणी सविस्तर लिहावे. माझा दोरा दर थोड्या वेळाने पिळतो आणि त्याच्या गाठी होतात.

अंगुस्ताना

हाताच्या शिवणीविषयी मी जे जे शिकले ते गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांकडून शिकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दोरा हातभरापेक्षा, फार तर दीड हातापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोऱ्याने ओवण्याचा वेळ वाचतो असे वाटते, पण प्रत्येक टाक्याला तो कापडातून घासत जातो, त्याचे तंतू सुटतात आणि गाठी तेथेच होतात. रिळावरून जे टोक आधी सुटते तेच सुईत ओवावे आणि कापलेल्या टोकाला गाठ मारावी. असे केल्याने दोरा कमी पिळतो. तरीही पिळू लागला, तर सुई मोकळी लोंबकळत सोडावी, ती आपोआप उलटी फिरून पीळ सोडते. सुती दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला, तर तो गुळगुळीत होतो आणि जास्त टिकतो. ओवताना टोक तिरके कापावे आणि सुईच्या मागे पांढरा कागद धरावा. नेढ्याची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोकळी असू शकते, म्हणून दोरा जात नसेल तर सुई उलटी फिरवून पाहावी. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्यासाठी घरातल्या कोणीतरी सकाळीच सात-आठ सुया एकाच रिळावर ओवून ठेवाव्यात. लागेल तशी एक सुई पुढे घ्यायची, हातभर दोरा ओढून कापायचा, आणि बाकीच्या सुया रिळाच्या दोऱ्यावर तशाच राहतात.

सुईच्या नंबराबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. हातसुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते आणि मशीनच्या सुईचा नंबर वाढतो तशी ती जाड होते, त्यामुळे दुकानात मागताना घोटाळा होतो. गोधडीला दाभण वापरू नये. त्याचे भोक जुन्या कापडात तसेच राहते. मधल्या बोटात अंगुस्ताना, म्हणजे सुई ढकलताना बोट वाचवणारी टोपी, घालून, एका वेळी सुईवर तीन-चार टाके भरून मग सुई ओढावी. सुई निसटत असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा घेऊन त्याने ती धरावी, पकड लगेच मिळते.

गाठ कापडावर दिसू देऊ नये. टाका सुरू करायच्या जागेपासून बोटभर अंतरावर सुई फक्त वरच्या थरातून आत घालावी, हव्या त्या जागी वर काढावी आणि दोऱ्याला हलका झटका द्यावा. गाठ आत जाऊन थरांमध्ये अडकते. शेवटीही अशीच गाठ आत घ्यावी आणि दोरा थोडा आत फिरवून मग कापावा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. थर घट्ट धरावेत म्हणून अनेक जणी दोरा ओढून शिवतात, आणि त्याने प्रत्येक ओळ आक्रसते. पकड ओढण्यातून येत नाही, ओळी जवळ जवळ असण्यातून येते. दोन ओळींमध्ये एका बोटाहून जास्त अंतर ठेवू नये, आणि प्रत्येक हातभर शिवणीनंतर ओळीवरून अंगठा फिरवून दोरा सैल करावा. उलट बाजूला टाका आला आहे की नाही हे पाहण्यासाठी डावा हात सतत खाली ठेवावा. सुईचे टोक बोटाला लागले, म्हणजे सगळे थर धरले गेले.

दूरदेशी

ओळींच्या अंतराबद्दल आपण लिहिले ते वाचून अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंडच्या रजया आठवल्या. तेथील कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरलेले जुने कपडे आणि डेनिमच्या पँटी कापून पिढ्यान्‌पिढ्या रजया शिवल्या. २००२ साली त्यांचे मोठे प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरले आणि २००६ साली अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. जीर्ण कापड टिकवायचे असेल तर जवळ जवळ शिवले पाहिजे, हे वापरलेल्या कापडाच्या रजयांवर जसे दिसते तसे आपल्या गोधडीवरही दिसते.

नवीनपालवी

माझ्या बहिणीच्या बाळासाठी दुपटे शिवायचे आहे. त्यासाठी काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

सुईदोरा

होय. दुपट्याला दोन किंवा तीनच थर असावेत आणि तिन्ही शुद्ध सुती असावेत. कापडाविषयी शंका असेल, तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावे : सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. जर, टिकल्या, बटणे यांपैकी काहीही लावू नये. कडेला बाळाच्या बोटात अडकतील असे लांब टाके ठेवू नयेत. वापरण्यापूर्वी सौम्य साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे.

पायमशीन

कडेविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. सरळ कडेला उसवलेला साडीचा काठ चांगला बसतो. गोलाई असेल तर मात्र तिरकी कापलेली क्रॉस पट्टीच लावावी, कारण ती वळते. अडीच इंचांची पट्टी लांबीत दुमडून दुहेरी केली, की कड लवकर झिजत नाही, आणि गोधडी सगळ्यांत आधी कडेलाच झिजते. काठ किंवा पट्टी लावण्याआधी सर्व थरांची कड एकदा साध्या टाक्याने बांधून घ्यावी. कोपऱ्याच्या पाव इंच आधी शिवण थांबवावी, पट्टी वर पंचेचाळीस अंशांत दुमडून पुन्हा खाली घ्यावी आणि मग पुढची बाजू सुरू करावी. कोपरा टोकदार येतो.

काठपदर

आणि धुण्याविषयी? आमच्याकडच्या एका गोधडीची शिवण दोरीवर वाळत घातल्यावर मध्यभागी तुटली.

अंगुस्ताना

ओली गोधडी फार जड होते, आणि एका दोरीवर टाकली की सगळे वजन मधल्या टाक्यांवर येते. दोन-तीन समांतर दोऱ्यांवर ती पसरून टाकावी, किंवा गच्चीवर स्वच्छ चादर अंथरून तिच्यावर सपाट वाळवावी. धुताना पिळू नये. घडी करून दाबून पाणी काढावे. दोन्ही बाजूंना ऊन द्यावे, पण रंगीत बाजू दिवसभर उन्हात ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी पूर्ण कोरडी करून सुती पिशवीत ठेवावी, प्लास्टिकमध्ये ठेवू नये, आणि अधूनमधून बाहेर काढून घडी वेगळ्या जागी घालावी, म्हणजे एकाच रेषेवर कापड विरत नाही. आपल्या तुटलेल्या शिवणीसाठी तेवढाच भाग पुन्हा शिवून भागणार नाही. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना वीतभर शाबूत ओळीवरून दोरा नेऊन मग ती ओळ पूर्ण करावी, आणि त्याआधी त्या जागी कच्चा टाका घालून थर पुन्हा सपाट करून घ्यावेत.